भरतीच्या वेळी गावाचं पाणी थांबणार कुठे?

(किनारपट्टीवरच्या गावांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात झालेलं हे बोलणं, वाचण्यासाठी थोडं नीट लावून.)

भाकऱ्या थापत असाल तर थापत राहा, रेडिओ फक्त जरा जवळ ओढून घ्या. आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. पावसाचं पाणी समुद्रात कसं सोडायचं, एवढाच. पण या एका गटारावरून आमच्या गावात तीन सभा झाल्या. नात्यातल्या दोन घरांचं बोलणं बंद झालं. मी स्वतः पहिल्या सभेत एका बाजूला होते आणि तिसऱ्या सभेत दुसऱ्या बाजूला. असं का झालं, ते सांगते. तुमचंही गाव किनाऱ्यावर असेल, तर आज ना उद्या हा प्रश्न तुमच्या दारात येणारच.

आमचं गाव कोकणातल्या कुठल्याही गावासारखं. वर डोंगर आणि कलमांच्या बागा, मध्ये वाडी, खाली पेठ, पेठेच्या पुढे पुळण आणि मग समुद्र. डोंगरावरून एक व्हाळ येतो, पेठेच्या कडेने वळतो आणि कोळीवाड्याजवळ समुद्राला मिळतो. माझं घर पेठेत. आमच्या बचत गटाची कोठीची खोली माझ्याच पडवीला लागून. गेल्या पावसाळ्यात जुलैमध्ये दोनदा पेठेत पाणी भरलं. दुसऱ्या वेळी गुडघाभर. कुळथाचं पीठ, नाचणीचे पापड, गणपतीच्या ऑर्डरसाठी करून ठेवलेला मसाला, सगळं गेलं. बारा बायकांची दोन महिन्यांची मेहनत. शेजारच्या काकींच्या घरात तर चूल विझली आणि लेकरांना रात्रभर माळ्यावर बसवावं लागलं.

म्हणून ग्रामपंचायतीत आराखडा आला, तेव्हा मला आनंदच झाला. पेठेतून सरळ रेषेत सिमेंटचा बंद पाइप टाकायचा, थेट पुळणीवर काढायचा आणि पाणी समुद्रात सोडायचं. सरळ साधं. मी हात वर केला. कोळीवाड्यातल्या बायका मात्र उठून उभ्या राहिल्या. ‘तुमच्या घरातलं पाणी आमच्या दारात का?’ त्यांनी विचारलं. मला राग आला. ह्यांना आमचे हाल दिसत नाहीत का, असं वाटलं.

एका गुंठ्यावर एक टँकर

सभेनंतर मी वहीवर हिशेब मांडला. तुम्हीही मांडून बघा, सोपा आहे. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होतं १० हजार लिटर. म्हणजे मोठा एक टँकर. आपल्याकडे जुलैमध्ये एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही.

आता समजा, पेठेकडे उतरणारी जमीन आहे १,००० गुंठे, म्हणजे २५ एकर. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर ५०० टँकर पाणी पडलं. त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं असं धरा. तरी उरले २५० टँकर. एका तासात अडीचशे, म्हणजे दर मिनिटाला चार टँकर पेठेत रिकामे होतात.

आणि निम्मं मुरतं, हेसुद्धा जुन्या दिवसांचं. तेव्हा अंगणं शेणाने सारवलेली होती आणि पाणंद मातीची होती. आता पाणंदीचा सिमेंटचा रस्ता झाला, अंगणात पेव्हर ब्लॉक आले, बागेतल्या बांधांवर गडगे पक्के झाले. पाऊस तेवढाच असला तरी वाहून येणारं पाणी वाढलं. पेठ आधी बुडत नव्हती आणि आता बुडते, याचं एक कारण वरच्या वाडीत आहे. खाली पाइप टाकून वरचं कारण जात नाही.

समुद्र दार बंद करतो

दुसरं कारण कोळीवाड्यातल्या मावशींनी दाखवलं. सभेत भांडलेल्या त्याच. मला म्हणाल्या, ‘पाणी भरलं त्या दिवशी तिथी कुठली होती, आठव.’ मी दिनदर्शिका काढली. एकदा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आणि एकदा पौर्णिमेला. दोन्ही वेळा दुपारच्या सुमाराला.

आपल्या म्हाताऱ्यांचं गणित माहीत आहे ना? तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, दुपारी आणि रात्री. त्या दिवसांत उधाण, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त चढतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे चढ-उतार कमी. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ साधारण पाऊण तास पुढे.

आता गटाराचा विचार करा. पाणी वरून खाली जातं, एवढंच त्याला कळतं. ओहोटीला समुद्र खाली असतो, पाणी धावत जातं. उधाणाच्या भरतीला समुद्राची पातळी पाइपाच्या तोंडाच्या वर गेली, की पाइपातलं पाणी थांबतं. समुद्र आणखी चढला, तर खारं पाणी पाइपातूनच उलटं पेठेत येतं. म्हणजे ज्या पाइपाने आमचं घर वाचणार होतं, त्याच पाइपाने समुद्र घरात येऊ शकतो. जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एकत्र आली, की पाइप कितीही मोठा असला तरी ते दोन-तीन तास त्याचा उपयोग नाही.

मुंबईने मोजलेली किंमत

हे फक्त खेड्याचं दुखणं नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दुपारी समुद्राला मोठी भरती होती. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, आणि तीसुद्धा ओहोटीच्या हिशेबाने. पाणी जायला जागाच उरली नाही. शेकडो माणसं गेली.

मुंबईसाठी पावसाळी पाण्याचा मोठा आराखडा त्याच्या आधीच, १९९३ मध्ये तयार झाला होता. ब्रिमस्टोवॅड त्याचं नाव. तो बरीच वर्षं कागदावर राहिला आणि २००५ नंतर कामाला वेग आला. गटारांची क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवायची, नाले रुंद करायचे आणि किनाऱ्यावर आठ ठिकाणी पंप बसवायचे, असं ठरलं. भरतीच्या वेळी दरवाजे बंद करून समुद्राला अडवायचं आणि आतलं पाणी पंपाने उचलून बाहेर टाकायचं. हाजी अली, जुहूजवळ इर्ला, वरळीला लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर, रे रोडला ब्रिटानिया, खार-सांताक्रूझकडे गझदरबंध अशी सहा केंद्रं उभी राहिली. मोगरा आणि माहुल इथली दोन रखडली.

परळला हिंदमाता भागात पाणी नेहमीच तुंबतं. तिथे महापालिकेने आणखी एक उपाय केला. जवळच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या. पाऊस आणि भरती एकत्र आली, की पाणी तिथे साठवायचं आणि समुद्र उतरला की सोडायचं. म्हणजे एवढ्या मोठ्या शहरालाही शेवटी तेच लागलं, पाण्याला थांबायला जागा. मुंबईला ती जमिनीखाली खणावी लागली. आपल्याकडे ती अजून जमिनीवर आहे, पण तिच्यावर भराव पडतो आहे. त्याकडे येतेच.

चार पर्याय, चारांचे हिशेब

दुसऱ्या सभेत चार पर्याय पुढे आले. प्रत्येकाचं बरं-वाईट सांगते.

पहिला, पुळणीवर उघडणारा बंद पाइप. ओहोटीला आणि मध्यम पावसात पेठेचं पाणी लवकर जाईल, हे खरं. पण भरतीचा प्रश्न राहतो. शिवाय एका तोंडातून जोराने पडणारं पाणी वाळू कापतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या पुळणीवरच ओढून शाकारून ठेवलेल्या असतात. पाण्याने खळगा पाडला, तर पहिला धोका त्या होड्यांना. पाऊस संपल्यावर त्याच जागी मासे सुकवायचे असतात. तिथे डबकं राहिलं, तर बायकांनी मासळी कुठे पसरायची? आणि बंद पाइपात लोक काय जोडतात, ते कोणाला दिसत नाही. आज पावसाचं पाणी, उद्या मोरीचं, परवा संडासाच्या टाकीचा पाइप. मग कोळीवाड्याच्या दारात येतं ते सांडपाणी. तिथे बायका तिसऱ्या आणि कालवं काढतात, पोरं पोहतात. मावशींचा राग कशाचा होता, ते मला इथे समजलं.

दुसरा, पाइपाच्या तोंडाला झडप. आतलं पाणी ढकलेल तेव्हा उघडते, समुद्र ढकलेल तेव्हा बंद होते. ही कल्पना नवी नाही. रायगडच्या खारभूमीत बांधाला उघाडी असते. गोव्याच्या खाजणात मानस असते, लाकडी दारांची, भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी. पण झडपेत वाळू आणि प्लास्टिक अडकतं. रोज बघायला माणूस लागतो. आणि झडप बंद झाली, की आतलं पाणी आतच राहतं. गोव्यातल्या जुन्या लोकांनी नुसती मानस बांधली नाही, तिच्या आत पाण्याला थांबायला जागाही ठेवली. ती जागा नसेल, तर झडप समुद्राला अडवते, पण पेठ पावसाच्या पाण्याने भरतेच.

तिसरा, पंप. मुंबईला जमतं म्हणून आपल्याला जमेल असं नाही. आपल्याकडे ज्या दिवशी पाऊस कोसळतो, त्याच दिवशी वीज जाते. मग जनरेटर, डिझेल, चालवणारा माणूस आणि दुरुस्ती. बांधायला निधी मिळेलही. पण दरवर्षीचा खर्च ग्रामपंचायतीच्या कोणत्या खात्यातून येणार, असं विचारलं तेव्हा सभा गप्प झाली.

चौथा, वरून खालपर्यंत पाण्याला हळू करत आणायचं. वाडीत पाणी मुरवायचं, व्हाळ मोकळा आणि रुंद करायचा, रस्त्याखालच्या मोऱ्या मोठ्या करायच्या, आणि भरतीच्या वेळेपुरतं पाणी थांबायला सखल जागा राखायची. यात एक मोठं बांधकाम नाही, उद्घाटनाची फीत नाही. दहा छोटी कामं आहेत आणि दहा घरांची संमती लागते. म्हणूनच तो सगळ्यात अवघड.

शोषखड्डा कुठे चालतो, कुठे नाही

पाणी मुरवायचं म्हटलं, की सगळे शोषखड्डा म्हणतात. वरच्या वाडीत जांभा दगड आहे, त्यात पाणी मुरतं. तिथे पन्हळीचं पाणी चर खणून बागेत वळवलं, तर उपयोग होतो. पण पेठेत आणि कोळीवाड्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, ऑगस्टमध्ये दोन-तीन फूट खणलं की पाणी लागतं. भरलेल्या घागरीत आणखी पाणी कसं मावणार? तिथला शोषखड्डा भर पावसात नुसतं डबकं होतो. विहिरीच्या जवळ खणला, तर घाण विहिरीत जाण्याची भीती. नांदेडकडे चांगलं चाललं म्हणून किनाऱ्यावर तसंच चालेल असं धरू नका. जमीन बघून ठरवा.

मुरवण्याचा आणखी एक फायदा बायकांनी लक्षात ठेवावा. किनाऱ्यावरच्या वाळूत खाली खारं पाणी असतं आणि त्याच्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगतं. आपल्या विहिरी त्या गोड्या थरावर चालतात. सगळं पावसाचं पाणी पाइपातून समुद्रात पळवलं आणि उन्हाळ्यात पंप लावून उपसा केला, की तो थर पातळ होतो. मग एप्रिल-मेमध्ये विहीर मचूळ लागते. तेव्हा हंडा घेऊन कोण जातं, ते मी सांगायला नको.

थांबायची जागा

आता त्या जागेचा हिशेब. एक गुंठा जमीन कमरेइतकी, म्हणजे एक मीटर भरली, तर १० टँकर पाणी मावतं. दोन तासांच्या भरतीत ५०० टँकर थांबवायचे, तर ५० गुंठे हवेत. म्हणजे सव्वा एकर. पेठेच्या मागे व्हाळाच्या काठी जुना मळा आहे. आजी सांगायची, उधाणाला मळा भरायचा आणि ओहोटीला रिकामा व्हायचा. तिथे खारं पाणी सोसणारा भात पिकायचा. म्हणजे गावाने ही व्यवस्था कधीच करून ठेवली होती, फक्त तिला कोणी गटार-योजना म्हणत नव्हतं.

गेल्या काही वर्षांत मळ्यात डंपरने माती पडायला लागली. प्लॉट पाडण्यासाठी. निम्मा मळा भरला गेला. जिथे पाणी थांबायचं, तिथे आता माती आहे, म्हणून पाणी पेठेत थांबतं. तिसऱ्या सभेत हे बोललं गेलं, तेव्हा खरी शांतता पसरली. कारण भराव घालणारे बाहेरचे एकटे नव्हते. त्यात एक प्लॉट आमच्याच गटातल्या एका वहिनींच्या घरचा होता. आणि व्हाळ जिथे अरुंद झाला आहे, तिथे गोठ्याची भिंत माझ्या चुलत सासऱ्यांची. पाइपाच्या बाजूने हात वर करणं मला सोपं का गेलं होतं, ते मला तेव्हा कळलं. पाइपासाठी आमच्या घरच्या कोणालाच काही सोडावं लागत नव्हतं.

शेवटी काय ठरलं

सगळं ठरलं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. एवढं ठरलं. पाइपाचा आराखडा थांबवून आधी पातळ्या मोजायच्या. पेठेचा रस्ता, व्हाळाचा तळ, मोरी आणि उधाणाच्या भरतीची रेषा, या सगळ्यांची उंची यंत्राने मोजून एका कागदावर आणायची. रस्त्याखालची मोरी मोठी करायची. मे महिन्यात व्हाळ साफ करायचा. व्हाळाच्या मुखाशी समुद्र स्वतःच वाळूचा बांध घालतो, तो पावसाच्या तोंडावर कोणी आणि कधी फोडायचा, याची जबाबदारी कोळीवाड्याने घेतली. त्यांच्याइतकं ते कोणाला कळत नाही. उरलेल्या मळ्यात नवा भराव नाही, असा ठराव झाला. गोठ्याची भिंत अजून उभी आहे. सासरे म्हणतात, बघू. मी रोज विचारते.

गटाची कोठी आम्ही दोन फूट उंच फळ्यांवर घेतली आहे. पाऊस ठरावाची वाट बघत नाही.

सभेला जाण्याआधी

तुमच्या गावात असा आराखडा आला, तर आधी महिला सभेत बोला. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तिथे ठरलेलं ग्रामसभेत मांडता येतं. आणि हे प्रश्न विचारा:

– पाइपाचं तोंड उधाणाच्या भरतीच्या पातळीच्या वर आहे की खाली? किती फूट?

– भरती आणि पाऊस एकत्र आला, तर ते दोन-तीन तास पाणी कुठे थांबेल?

– ताशी किती मिलिमीटर पावसाचा हिशेब धरला आहे?

– सांडपाणी आणि संडासाचं पाणी यात जोडलं जाणार नाही, हे कोण बघणार?

– पाणी जिथे पडणार, तिथे कोणाच्या होड्या, कोणाची मासळी, कोणाची विहीर आहे? त्यांना विचारलं का?

– दरवर्षीची सफाई आणि दुरुस्ती कोण करणार, कोणत्या पैशातून?

– किनारी क्षेत्राच्या नियमांप्रमाणे परवानगी घेतली आहे का? २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या, कांदळवनं आणि कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा यांना सर्वांत जास्त संरक्षण आहे. वेळाससारख्या गावात थंडीच्या दिवसांत कासवं अंडी घालायला येतात. तुमच्या पुळणीवरही येत असतील, तर ते लिहून द्या.

शेवटचं काम घरबसल्या करता येतं. या पावसाळ्यात एक वही ठेवा. पाणी भरलं की तारीख, तिथी, वेळ, आणि भिंतीवर कुठपर्यंत चढलं, ते लिहा. भिंतीवर कोळशाने रेघ ओढा. तिसऱ्या सभेत आराखडा करणाऱ्या साहेबांनी कुणाचं भाषण ऐकलं नाही, पण आमची वही मात्र उलटून उलटून पाहिली. आणि जमलं तर भरतीच्या वेळी, भर पावसात, छत्री घेऊन व्हाळाच्या काठाने एकदा चालून या. सोबत ज्या बाईशी तुमचं सभेत भांडण झालं, तिलाच घ्या. मी मावशींबरोबर गेले होते. परत येताना आम्ही त्यांच्याच ओट्यावर चहा प्यायलो.

पुढच्या वेळी विहिरीच्या पाण्याची तपासणी घरच्या घरी कशी करायची, त्याबद्दल बोलू. तोवर नमस्कार.